मुलांच्या डोकेदुखीची ओपीडी : पुण्याच्या चार खेपांनंतर

सोहम नऊ वर्षांचा आहे, चौथीत. पुण्यातल्या एका बाल-मेंदूविकार ओपीडीत गेल्या जूनपासून आम्ही त्याला दाखवतोय. तिथं मंगळवारी फक्त मुलांची डोकेदुखी बघतात. आतापर्यंत चार खेपा झाल्या. सांगलीहून जायचं म्हणजे एक रजा, पहाटेची एसटी आणि मागे धाकटीची सोय लावणं आलं. माझ्यासारखी कुणी आई जावं की न जावं अशा घोळात असेल तर तिला उपयोग व्हावा, म्हणून सविस्तर लिहितेय. गैरसोयींबद्दलही मोकळेपणानं लिहायचंय, त्यामुळे दवाखान्याचं नाव देत नाही. अशा ठिकाणी काय मिळायला हवं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. पंधराव्या वर्षापासून मला अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, आहे. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. नोटा मोजताना अचानक नोटेवरच्या आकड्याच्या जागी एक चकाकती दातेरी रेघ दिसायला लागते. ती हळूहळू बाजूला सरकत मोठी होते आणि वीसेक मिनिटांत विरते. मग उजव्या कपाळात ठणका सुरू होतो. दुपारी सुरू झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत नाही. एकाच बाजूला, डोळ्याच्या मागे, नाडीबरोबर ठोके घालणारा. चोवीस वर्षं हे भोगल्यावर मला वाटायचं, की अर्धशिशी कशी असते ते मला कुणी शिकवायला नको.

सोहमचं दुखणं यातल्या कशातच बसत नव्हतं. तो सबंध कपाळावर हात फिरवून ‘इथं दुखतंय’ म्हणायचा. दोन्ही बाजूंना. दप्तर टाकायचा, पांढराफटक पडायचा, एक उलटी करायचा आणि झोपायचा. दोन तासांनी उठून ‘आई, पोहे कर ना’ म्हणत चेंडू घेऊन बाहेर. माझं डोकं दुखतं तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्यानं कुकरची शिट्टीसुद्धा ऐकवत नाही, आणि हा दोन तासांत खेळायला जातो? मी त्याला दोनदा नाटकी म्हणाले. एकदा वर्गशिक्षिकेसमोर म्हणाले. ते त्याच्या चांगलंच लक्षात राहिलं होतं, हे मला पुण्यात कळलं.

त्याआधी, पाच-सहा वर्षांचा असताना, त्याचं पोट दुखायचं. बेंबीभोवती. महिन्या-दीड महिन्यानं एक दिवस, त्या दिवशी जेवण नाही, तोंड उतरलेलं, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. जंतांचं औषध तीन वेळा दिलं. सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवून दृष्ट काढली. डोकेदुखी सुरू झाल्यावर त्यांनी सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायला घालायचा नेम केला. त्यांच्या माहेरी अर्धशिशीवर हाच उतारा होता. त्यांच्या मायेला मी नावं ठेवणार नाही. पोराचं दुखणं त्यांनी खरं मानलं होतं. मी मानलं नव्हतं.

पुण्याला जायच्या आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत सलग तीन वेळा उलट्या झाल्या तेव्हा आम्ही घाबरलो. इकडच्याच एका तपासणी केंद्रात गेलो. तिथं सीटी स्कॅन आणि ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) दोन्ही काढायला सांगितले. डोक्याला तेल नको, आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा, सकाळी झोपू देऊ नका, अशा सूचना होत्या. पेस्ट लावून वीसेक तारा टाळूवर चिकटवल्या. मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला आणि त्यानंतर बंद डोळ्यांवर दिव्याचे झपाटे सोडले. संथ सुरू होऊन ते वाढत जातात. सोहमनं माझं बोट घट्ट धरलं होतं. घरी येईस्तोवर त्याला डोकेदुखीचा झटका आला होता. अहवालात लिहून आलं, ‘असामान्य, संथ लहरी’. फिटच्या औषधाची बाटली लिहून दिली, तीन वर्षांसाठी. बाटली आणली, पण तिचं झाकण उघडायला हात धजेना. सोहमला फिट कधीच आली नव्हती. शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पुण्याची चिठ्ठी दिली.

पहिली खेप. साडेचारची गाडी पकडून स्वारगेटला उतरलो. वाटेत खंबाटकीच्या बोगद्याआधीच सोहमला मळमळायला लागलं. त्याला गाडी लागते, अगदी तान्हा असल्यापासून. हे नंतर डॉक्टरांनी मुद्दाम विचारून लिहून घेतलं. वेळ दिली होती साडेदहाची, नंबर लागला पावणेएकला. बसायला खुर्च्या पुरेशा, पण प्रतीक्षागृहातली एक ट्यूब सारखी फडफडत होती. डोकं दुखणारी पंधरा-वीस मुलं त्या ट्यूबखाली बसलेली. एक मुलगी ओढणीनं डोळे झाकून आईच्या मांडीवर पडली होती. फरशी फिनेलनं नुकतीच पुसलेली, त्याचा उग्र वास. नावं पुकारायला कर्कश स्पीकर. उजेड, वास, आवाज, या आजाराला जे जे नको ते सगळं दाराबाहेरच गोळा झालं होतं. मी काउंटरवर जाऊन ट्यूबबद्दल सांगितलं. ‘इलेक्ट्रिशियनला कळवलंय’ म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही ती तशीच होती, तिसऱ्या खेपेला बदललेली दिसली. वास आणि स्पीकर अजून तसेच आहेत.

आत गेल्यावर मात्र चित्र वेगळं. डॉक्टर मॅडमनी फाईल बाजूला ठेवली. आमच्याशी बोलायच्या आधी सोहमसमोर कोरा कागद आणि तेलखडू ठेवले आणि म्हणाल्या, “सोहम, तुझं डोकं दुखतं तेव्हा कसं वाटतं, ते मला काढून दाखवतोस? चित्र चांगलं नाही आलं तरी चालेल.” आम्हाला खुणेनंच गप्प बसायला सांगितलं.

दहा मिनिटं लागली असतील. त्यानं एक मोठं डोकं काढलं आणि त्यात, दोन्ही कानांच्या मध्ये, कुकर काढला. आमचाच, काळ्या मुठीचा, शिट्टीतून वाफ निघतेय असा. डोळ्यांच्या जागी फुल्या मारल्या. वरच्या कोपऱ्यात बल्ब काढला आणि तो लाल खडूनं इतका गिरवून खोडला की कागद फाटला. खाली एक पोट, त्यात हिरवी गुंडाळी. सगळ्यात शेवटी कागदाच्या कडेला एक बाई काढली, तोंड उघडं असलेली. मॅडमनी विचारलं, “ही कोण?” सोहम म्हणाला, “आई. ती म्हणतेय, ऊठ आता.”

मला काही बोलता आलं नाही. मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि त्याच्याशी बोलत राहिल्या. दुखतं ते ठोके पडल्यासारखं की आवळल्यासारखं? तेव्हा जिना चढवतो का? टीव्ही लावला तर चालतो का? हे सगळं त्यालाच विचारलं. आधी जांभया येतात का, चिडचिड होते का, तेवढं मला विचारलं. होतात. झटक्याच्या आदल्या संध्याकाळी तो विनाकारण धाकटीवर खेकसतो आणि डोळ्यांखाली काळं दिसतं. मी ते कधी जोडूनच पाहिलं नव्हतं.

चित्र काढून घेणं हा वेळ घालवायचा प्रकार नाही, हे त्यांनी नंतर समजावलं. अमेरिकेत २००२ साली डोकेदुखीच्या २२६ मुलांची चित्रं, त्यांची हकीकत माहीत नसलेल्या तज्ज्ञांना दाखवली होती. मायग्रेन असलेली शंभरातली त्र्याण्णव मुलं नुसत्या चित्रावरून ओळखता आली. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘ठणका’ हा शब्द सुचत नाही, पण कुकर काढता येतो.

तपासणीही नीट झाली. रक्तदाब, वजन, उंची, डोक्याचा घेर, टॉर्चसारख्या यंत्रानं डोळ्याचा पडदा, एका रेषेत टाचेला टाच लावून चालवणं. आम्हाला एकूण पस्तीस मिनिटं दिली. सव्वादोन तास बसल्याचा राग तिथं निवला. सोहमचा ईईजी त्यांनी पुढं बाजूला सारला, म्हणून मॅडमना ईईजी किंवा स्कॅनचं वावडं आहे असं समजू नका. आमच्या आधीच्या मुलाला पहाटे झोपेतून उठवणारी डोकेदुखी होती आणि गेल्या महिन्यापासून चालताना तोल जात होता. त्याला त्यांनी त्याच दिवशी एमआरआयला पाठवलं. दुखणं फक्त डोक्याच्या मागच्या बाजूला असेल, दिवसेंदिवस वाढत असेल, किंवा मूल फारच लहान असेल तरी त्या सावध होतात.

आता त्या ईईजीबद्दल. मी अहवाल पुढे केला तेव्हा मॅडमनी पानं चाळून सोहमचं वय किती आणि ही पानं कुठल्या मिनिटाची, एवढंच पाहिलं. मग पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलनं लहरी काढल्या. डोळे मिटून शांत पडलेल्या मोठ्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला दहाच्या आसपास लहरी येतात. मुलाचा मेंदू त्या वेगाला हळूहळू पोचतो. तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला आठ, सात-आठव्या वर्षी नऊ, मग दहा. आणि जोरजोरात श्वास घ्यायला लावला की मुलांच्या लहरी चांगल्याच संथ आणि उंच होतात. मोठ्यांत ते फारसं दिसत नाही. सोहमच्या अहवालातल्या ‘संथ लहरी’ नेमक्या त्या तीन मिनिटांतल्याच होत्या, श्वास सावरल्यावर मिनिटभरात ओसरलेल्या. म्हणजे नऊ वर्षांच्या मेंदूला मोठ्यांची फूटपट्टी लावून ‘असामान्य’ लिहिलं होतं. त्यांनी फिटच्या औषधाच्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली. त्याआधी मात्र फिटबद्दलचे सगळे प्रश्न विचारले. रंगीत गोल ठिपके काही सेकंदांपुरते दिसतात का, तेव्हा मान किंवा डोळे एका बाजूला ओढले जातात का? मुलांत मेंदूच्या मागच्या भागातली फिट कधीकधी मायग्रेनसारखी दिसते, तसा संशय असेल तेव्हा ईईजी लागतोच. नुसत्या डोकेदुखीसाठी तो काढू नका, असं अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलंय.

‘हे मायग्रेन आहे म्हणता, मग ते कशात दिसतं?’ मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “हकीकतीत. तुमच्या आणि त्याच्या, दोघांच्याही.” जागतिक निकषांतच मुलांसाठी सूट आहे. मोठ्यांत झटका किमान चार तासांचा धरतात, अठराच्या आत दोन तासांचाही चालतो. मुलांचं बहुधा दोन्ही बाजूंना दुखतं, एका बाजूला दुखणं वाढत्या वयात येतं. उजेड सहन होत नाही हे मुलानं तोंडानं सांगायची गरज नाही. तो पडदा ओढतो, पांघरुणात शिरतो, त्यावरून समजायचं. बेंबीभोवतीचं ते पोटदुखणंही याच कुटुंबातलं. त्याला पोटाचं मायग्रेन म्हणतात. तान्हेपणी पोटशूळानं रात्र-रात्र रडायचा का, असंही विचारलं. रडायचा. तीन महिने आम्ही आळीपाळीनं त्याला खांद्यावर टाकून व्हरांड्यात फिरवायचो. २०१३ च्या एका अभ्यासात मायग्रेनच्या मुलांपैकी ७२ टक्क्यांना तान्हेपणी असा शूळ होता, बाकीच्या मुलांत हेच प्रमाण २६ टक्के होतं.

मग मी माझ्या दातेरी रेघेचं विचारलं. मला दिसते, त्याला का नाही? हा प्रश्न त्याच्या उपचाराचा नव्हता, तरी त्यांनी दोन मिनिटं दिली. १९४१ साली लॅशली नावाच्या शास्त्रज्ञानं स्वतःला दिसणारी अशीच रेघ कागदावर उतरवून हिशेब केला, की मेंदूच्या मागच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगानं पुढं सरकतंय. १९४४ मध्ये ब्राझीलच्या लिआओंना सशाच्या मेंदूत तशीच सावकाश सरकणारी लहर सापडली. आधी पेशी एकदम पेटतात आणि मागे शांतता पसरत जाते. मायग्रेन असलेल्या बहुतेकांना ती रेघ दिसतच नाही. सोहमला पुढं दिसेल किंवा दिसणार नाही. चोवीस वर्षं जी रेघ बघतेय, ती काय आहे हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, तेही मुलांच्या ओपीडीत.

दुसऱ्या खेपेला त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी अजून मनात घोळवतेय. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन सारखे उलटसुलट करत दाखवले, की डोक्यामागच्या तारेला मेंदूचा प्रतिसाद मोजता येतो. एरवी तेच ते बघून मेंदू सरावतो आणि प्रतिसाद उतरत जातो. मायग्रेन असलेल्या मोठ्या माणसांत, दोन झटक्यांच्या मधल्या काळात, तो बऱ्याच प्रयोगांत उतरलेला दिसला नाही, कधी उलट वाढला. झटका जवळ आला की तो परत सर्वसामान्यांसारखा होतो. बेल्जियममधल्या लिएजच्या प्रयोगशाळेनं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. सगळीकडचे निकाल सारखे आलेले नाहीत, हेही त्यांनी लगेच सांगितलं.

आमच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे. लग्न होऊन आले तेव्हा दिवसभर तिची घरघर डोक्यात बसायची. ‘महिनाभरात सवय होईल’ असं सगळे म्हणाले. घरात आजही कुणाला ती ऐकू येत नाही, नवऱ्याला विचारलं तर ‘चालू आहे का?’ म्हणून खिडकीतून बघतो. मला तेरा वर्षं रोज ऐकू येते. आणि सोहम अभ्यासाला बसला की ‘आई, गिरणी’ म्हणतो. मी म्हणायचे, लक्ष देऊ नको. तो लक्ष देत नव्हता, त्याला ते बंद करता येत नव्हतं.

मुलांच्या बाबतीत यात एक पेच आहे, तोही त्यांनी उलगडून सांगितला. लहान मुलाच्या मेंदूची घडणच चालू असते. एका चाचणीत आधी सावधानतेचा आवाज देतात, काही सेकंदांनी दुसरा इशारा आला की बटण दाबायचं. मधल्या काळात मेंदूत तयारीची एक संथ लहर उठते. निरोगी माणसांत वय वाढेल तसा तिचा जोर आणि सरावण्याची तऱ्हा बदलत जाते. मायग्रेन असलेल्यांत हा वयानुसारचा बदल रेंगाळलेला दिसतो, असं जर्मनीत कील इथल्या अभ्यासकांना आढळलं. म्हणून त्यांनी मायग्रेनकडे मेंदूची परिपक्वता उशिरा येण्याच्या अंगानं बघितलं. मोठ्यांत जो फरक ठळक दिसतो, तो मुलांत वयाच्या फरकात मिसळून जातो. दहा वर्षांच्या मुलाची तुलना दहा वर्षांच्याच मुलाशी करावी लागते, आईशी नाही.

स्कॅनिंगचंही तेच. हॅम्बुर्गमध्ये एका बाईचा मेंदू सलग तीस दिवस रोज स्कॅन केला, त्यात तिला आपसूक तीन झटके आले. २०१६ मध्ये ते छापून आलं. दुखणं सुरू व्हायच्या आदल्या चोवीस तासांत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसची हालचाल वाढलेली दिसली. भूक, झोप, शरीराचं घड्याळ हे सगळं सांभाळणारा हा भाग. म्हणजे सोहमची आदल्या संध्याकाळची चिडचिड आणि जांभया हे झटक्याचंच पहिलं पान. पण तो अभ्यास एका मोठ्या बाईचा. मुलांवर असे अभ्यास थोडेच आहेत. यंत्रात न हलता पडून राहावं लागतं आणि आत सारखा ठकठक आवाज असतो. डोकं दुखणाऱ्या पोराला तिथं कोण झोपवणार? मॅडमनी बजावलं, की हे सगळे फरक माणसांच्या गटांच्या सरासरीत दिसतात. एका मुलाचा फोटो किंवा आलेख काढून ‘याला मायग्रेन आहे’ असं सांगणारी चाचणी आज नाही. कुणी सांगून पैसे मागितले तर देऊ नका.

उपचार. इथं मला एक कबूल करायचंय. दोनदा सोहमला फार दुखत होतं तेव्हा मी माझीच गोळी पाव करून दिली होती. तिच्यात ॲस्पिरिन होतं. मॅडम ओरडल्या नाहीत, पण पेन खाली ठेवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, “परत कधीही नाही.” सोळाच्या आतल्या मुलांना ॲस्पिरिननं यकृताचा आणि मेंदूचा एक दुर्मिळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. घरातल्या गोळ्यांचा डबा मी त्या रात्री वरच्या फळीवर ठेवला.

सोहमला साधं आयब्युप्रोफेनचं पातळ औषधच दिलंय. ते आम्ही आधीही देत होतो, पण पाच मिली, आणि उलटी झाल्यावर. त्याच्या सव्वीस किलो वजनाला ते निम्म्याहून कमी पडत होतं. डोस वजनावर काढून बाटलीला पट्टी चिकटवून दिली आणि सांगितलं, की कपाळ दुखायला लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत द्यायचं, आठवड्यात दोन-तीन दिवसांवर द्यायचं नाही. जास्त झालं तर औषधामुळेच डोकं दुखायला लागतं. (हा डोस त्याचा आहे. तुमच्या मुलाचा तुमच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्या.)

रोजची गोळी नाही दिली, याचं आमच्या घरी सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला रोजच्या गोळीनं फरक पडला होता, म्हणून मी विचारलंच. त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला मोठा अभ्यास सांगितला. आठ ते सतरा वर्षांची ३६१ मुलं, मोठ्यांना देतात त्या दोन गोळ्या आणि तिसरी औषध नसलेली. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले ते एका गोळीनं ५२ टक्के मुलांत, दुसरीनं ५५ आणि बिनऔषधाच्या गोळीनं ६१ टक्के मुलांत. पुढं चालवण्यात अर्थ नाही म्हणून अभ्यास मुदतीआधीच थांबवला. त्रास खूप असेल तर त्या रोजचं औषध देतातही, पण सोहमसाठी आधी बाकीचं करू म्हणाल्या. बाकीचं म्हणजे रोज एकाच वेळी झोपणं-उठणं, रविवारीसुद्धा. सकाळी उपाशी शाळेत न जाणं. पाण्याची बाटली बाकावर. संध्याकाळी तासभर मैदान. आणि तिथल्या समुपदेशक ताईंकडून पोटातून श्वास घ्यायचा शिकणं. त्या ताई सोहमच्या पोटावर कागदाची होडी ठेवून ‘हिला लाटेवर झुलव’ म्हणतात. तो आता धाकटीला शिकवतो.

सहा प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात. गेल्या तीन महिन्यांत किती दिवस शाळा बुडली, किती दिवस शाळेत असूनही काही जमलं नाही, खेळ किती वेळा हुकला. सगळ्या दिवसांची बेरीज. जूनमध्ये सोहमची बेरीज ४२ आली, म्हणजे मध्यम त्रास. चौथ्या खेपेला १४. झटके महिन्याला नऊ होते, गेल्या महिन्यात तीन झाले. मॅडमनी यातलं किती श्रेय कशाला, हे सांगायचं टाळलं. ‘आई घरी विश्वास ठेवायला लागली, तेही यात धरा’ एवढं म्हणाल्या.

शाळेसाठी दिलेलं पत्र ही मला इथली सगळ्यात कामाची गोष्ट वाटली. मराठीत, एका पानाचं, शिक्कामोर्तबासह: मुलाला पाणी पिऊ द्यावं, डोकं दुखलं म्हणाला की अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडू द्यावं, शक्यतो खिडकीच्या उजेडासमोर बसवू नये. वर्गशिक्षिकेला मी ते स्वतः नेऊन दिलं आणि तेव्हाच, सोहमसमोर, सांगितलं की मी त्याला नाटकी म्हणाले होते ते चूक होतं.

हे सुटेल का, असं मी तिसऱ्या खेपेला विचारलं. स्वीडनमध्ये बिले नावाच्या डॉक्टरांनी १९५५ साली जवळपास नऊ हजार शाळकरी मुलांची पाहणी केली आणि जास्त त्रास असलेल्या ७३ मुलांचा पुढं चाळीस वर्षं माग ठेवला. पंचविशीच्या आत सुमारे चौथाई मुलं मोकळी झाली. पन्नाशीच्या आसपास निम्म्याहून जास्त जणांना अजून झटके येत होते, मधे काहींची बरीच वर्षं शांत गेली होती. मॅडमनी हे आकडे पातळ केले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. खोटी आशा मला चोवीस वर्षांत पुष्कळांनी दिली होती. वयात येण्याआधी मुलगे-मुली साधारण सारख्याच प्रमाणात, नंतर मुलींचं प्रमाण वाढतं आणि मोठेपणी बायका पुरुषांच्या तिप्पट होतात, हेही त्यांनी सांगितलं. म्हणून आमच्या धाकटीच्या पोटदुखीकडे आता माझं लक्ष आहे.

तक्रारी. वेळ पाळत नाहीत. चार खेपांत कमीत कमी पावणेदोन तास बसलोय. फोनवर शंका विचारायची सोय आहे म्हणतात, पण उत्तर दोन-तीन दिवसांनी येतं आणि झटका तर आज असतो. पैसे फक्त रोख घेतात. डोकेदुखीच्या डायरीचा छापील तक्ता फार बारीक अक्षरात आहे, मी घरी वहीत मोठा आखून घेतलाय. समुपदेशक ताई महिन्यातले दोनच मंगळवार असतात, त्या नसतील तर साडेचारशेच्या वर किलोमीटरची ये-जा अर्धी वाया जाते. हे आधी फोन करूनच विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.

पहिल्या खेपेला नऊशे घेतले, नंतर पाचशे. समुपदेशनाचे वेगळे तीनशे. इकडे त्या दिवाळीत दोन चाचण्यांना साडेसहा हजार गेले होते.

जाणार असाल तर सात वाजेपर्यंत पोचून चिठ्ठी घ्या, नंबर चिठ्ठीप्रमाणे लागतो, फोनवर दिलेल्या वेळेप्रमाणे नाही. मुलाला भरपेट खायला घालून न्या, डबाही बरोबर ठेवा. टोपी किंवा ओढणी असू द्या. आधीचे अहवाल न्याच, ईईजीची नुसती शेवटची ओळ नको, सगळी पानं हवीत. झटका आला असताना मोबाईलवर मुलाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, मॅडम तो लक्षपूर्वक बघतात. परतीची गाडी चारच्या आधीची काढू नका. येताना आम्हाला खंबाटकीचा घाट चढावा लागला, तेव्हा पुढची सीट मिळाली तर बरं, मुलं गाडी लागणारी असतात. आमची पाचवी खेप फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. सोहमनं तेलखडूंचा स्वतःचा डबा न्यायचं ठरवलंय, कारण तिथला लाल खडू संपलाय.